पारायणाचा प्रेक्षक : ‘कल्ट’ चित्रपटाची मराठी परंपरा

१

‘कल्ट’ हा शब्द मराठी चित्रपटविषयक लेखनात अलीकडे सर्रास वापरला जातो. परंतु त्याच्या अर्थाची निश्चिती करण्याचा प्रयत्न मात्र क्वचितच झालेला दिसतो. अनेकदा ‘अभिजात’ आणि ‘कल्ट’ हे शब्द एकमेकांना पर्यायी म्हणून योजले जातात. वस्तुतः या दोन संकल्पना भिन्न आहेत. अभिजात कृतीचे आयुष्य संस्था सांभाळतात. अभ्यासक्रम, पुरस्कार, संग्रहालये आणि समीक्षा यांच्या आधाराने ती टिकते. ‘कल्ट’ ठरलेल्या कृतीचे आयुष्य मात्र तिचे प्रेक्षकच सांभाळतात. तिला कोणी मान्यता दिलेली नसते, आणि म्हणून ती काढून घेण्याचा अधिकारही कोणाकडे नसतो.

या इंग्रजी शब्दाला पंथ, संप्रदाय, उपासना असे पर्याय सुचवता येतील. प्रस्तुत लेखात मला अधिक उपयुक्त वाटतो तो ‘पारायण’ हा शब्द. गुरुचरित्राचे किंवा ज्ञानेश्वरीचे पारायण करणाऱ्याला पुढे काय येणार हे ठाऊक असते. ग्रंथातून नवी माहिती मिळावी म्हणून तो वाचत नाही. माहीत असलेल्याची पुन्हा भेट व्हावी, आणि ती शक्यतो इतरांच्या संगतीत व्हावी, हा त्याचा हेतू असतो. एखादा चित्रपट तिसाव्यांदा पाहणारा आणि नटाच्या आधी त्याचे वाक्य उच्चारणारा प्रेक्षक याच वृत्तीचा असतो. त्याला आपण ‘पारायणाचा प्रेक्षक’ म्हणू.

उंबेर्तो एको यांनी ‘कासाब्लांका’विषयी लिहिताना कल्ट चित्रपटाची दोन लक्षणे मांडली होती. अशा कृतीत प्रेक्षकाला वावरता येईल असे सर्व सामानसुमानासह उभे केलेले जग असावे लागते. आणि तिचे तुकडे मूळ संदर्भापासून सुटे करून मिरवता यावे लागतात. एकजिनसी, निर्दोष कृतीपेक्षा काहीशी खिळखिळी कृतीच कल्ट होते, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा आहे. हे प्रतिपादन मराठीला कितपत लागू पडते आणि कोठे अपुरे पडते, याचा शोध घेण्यासाठी ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) हा चित्रपट येथे मध्यवर्ती धरला आहे.

२

पारायणाचा प्रेक्षक चित्रपटाने घडवला नाही. तो चित्रपटाला आयता मिळाला. कीर्तनाच्या श्रोत्याला आख्यान आधीपासून माहीत असते. संगीत नाटकाचा प्रेक्षक पदे पाठ करूनच नाट्यगृहात येई आणि ‘वन्समोअर’ देऊन प्रयोगाची गती स्वतःच्या हाती घेई. तमाशातील वगाचे कथानक परिचित असे. रंगत येई ती सोंगाड्याच्या हजरजबाबीपणाने. म्हणजे ‘पुढे काय’ यापेक्षा ‘या वेळी कसे’ हा प्रश्न मराठी प्रेक्षकाच्या अपेक्षांच्या क्षितिजावर पूर्वीपासून होता.

या पार्श्वभूमीवर प्रभातच्या ‘संत तुकाराम’कडे (१९३६) पाहावे लागते. दामले-फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट मुंबईच्या सेंट्रल चित्रपटगृहात ५७ आठवडे चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. व्हेनिसच्या गौरवाने तो अभिजात ठरला. परंतु विष्णुपंत पागनिसांना तुकारामांच्या ठिकाणी पाहून हात जोडणाऱ्या प्रेक्षकाने त्याला त्याहून वेगळे स्थान दिले. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांनी तुकारामांचाच अभंग मानले. पारायणाचा प्रेक्षक कृतीचे कर्तृत्वही बदलून टाकू शकतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात १३१ आठवडे चालला. हा आकडा केवळ व्यवसायाचा नाही. त्या काळातील पुण्याची लोकसंख्या लक्षात घेतली, तर तेच प्रेक्षक पुनःपुन्हा आल्याखेरीज असा मुक्काम शक्य नव्हता. चित्रपटाच्या नावाचा पुढील प्रवास तर साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून पाहावा असा आहे. हंसा वाडकर यांनी अरुण साधू यांना सांगितलेल्या आत्मकथनाने तेच नाव घेतले आणि त्या आत्मकथनावरून श्याम बेनेगल यांचा ‘भूमिका’ (१९७७) निर्माण झाला. तमाशापटाचे शीर्षक एका स्त्रीच्या आत्मनिवेदनाचे शीर्षक झाले. अभिजात आणि लोकप्रिय यांच्या सीमारेषा आपल्याकडे किती सच्छिद्र आहेत, हे यावरून लक्षात यावे.

तमिळ चित्रपटाचा इतिहास येथे तुलनेसाठी उपयोगी पडतो. १९५२ साली आलेल्या ‘पराशक्ती’मधील एम. करुणानिधी यांनी लिहिलेले न्यायालयातील भाषण तमिळनाडूत पिढ्यान्‌पिढ्या पाठ केले गेले. नट होऊ पाहणारे तरुण तेच म्हणून दाखवीत. त्या चित्रपटातून पुढे आलेल्या गणेशन यांना ‘शिवाजी’ हे नाव मिळाले होते, ते सी. एन. अण्णादुराई यांच्या शिवाजी महाराजांवरील नाटकातील भूमिकेमुळे. तमिळ पारायणाचे केंद्र भाषण हे होते, आणि भाषणामागे द्रविड चळवळीचे राजकारण उभे होते. मराठीत दादा कोंडके यांच्या ‘सोंगाड्या’ला (१९७१) मुंबईत चित्रपटगृह मिळवून देण्यासाठी शिवसेना पुढे झाली, तेव्हा राजकारण चित्रपटाशी जोडले गेले खरे, परंतु पडद्यावरची भाषा राजकीय नव्हती. ती सोंगाड्याचीच राहिली. तमिळ प्रेक्षकाने वक्ता पाठ केला, मराठी प्रेक्षकाने सोंगाड्या पाठ केला. हा भेद ढोबळ असला, तरी पुढील विवेचनासाठी महत्त्वाचा आहे.

३

‘सोंगाड्या’ आणि ‘अशी ही बनवाबनवी’ यांना जोडणारा दुवा म्हणजे लेखक वसंत सबनीस. ‘विच्छा माझी पुरी करा’ हे सबनीसांचे लोकनाट्य १९६५ साली रंगमंचावर आले. वगाच्या मोकळ्या सांगाड्यात समकालीन राजकारणावरील टिप्पणी बसवण्याची त्याची रीत आणि दादा कोंडके यांची उत्स्फूर्तता यांमुळे ते गाजले. ‘सोंगाड्या’ची कथा सबनीसांचीच; आणि १७ वर्षांनी ‘बनवाबनवी’ची पटकथा-संवाद लिहिणारेही तेच. म्हणजे ज्या चित्रपटाला आपण ‘शहरी, पुणेरी विनोदी चित्रपट’ म्हणतो, त्याच्या संवादाचे शिक्षण लोकनाट्यात झालेले आहे. आपल्या वाङ्मयेतिहासात सबनीस विनोदी लेखक म्हणून चार ओळींत उरकले जातात. त्यांचे सर्वाधिक पाठ झालेले लेखन कोणते, हा प्रश्न तेथे उपस्थितच होत नाही. कारण ते लेखन पुस्तकात नाही.

चित्रपटाचे कथानक मात्र सबनीसांचे स्वतंत्र नाही. त्याचा मूळ धागा ‘जय माकाली बोर्डिंग’ या शैलेश डे यांच्या बंगाली कथेत आहे. तिच्यावर १९५५ साली बंगाली चित्रपट निघाला आणि १९६६ साली हृषीकेश मुखर्जी यांनी ‘बीवी और मकान’ हा हिंदी चित्रपट केला. सचिन पिळगांवकर दिग्दर्शित ‘बनवाबनवी’ त्यानंतर २२ वर्षांनी आला. त्याच कथानकाची पुढची रूपे तेलुगूत ‘चित्रम् भलारे विचित्रम्’ (१९९१), तमिळमध्ये ‘आणळगन’ (१९९५) आणि कन्नडमध्ये ‘ओळू सार बरी ओळू’ (२००३) अशी अवतरली.

वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही साखळी म्हणजे आयता प्रयोगच आहे. कथानक एक, भाषा अनेक. तरीही सर्व भाषांत परिणाम सारखा नाही. तेलुगू रूप लोकप्रिय झाले. हृषीकेश मुखर्जींच्या चाहत्यांनाही ‘बीवी और मकान’ प्रयत्नपूर्वक आठवावा लागतो. ‘आणळगन’ला तमिळ प्रेक्षक ‘पराशक्ती’च्या किंवा ‘बाशा’च्या पंक्तीत बसवत नाही. मराठीत मात्र तेच कथानक पारायणाचा ग्रंथ झाले. तेव्हा चिरंतन आकर्षणाचे कारण कथानकात शोधणे व्यर्थ आहे. ते कथानक ज्या भाषेत आणि ज्या सोंगपरंपरेत रुजले, तेथे ते शोधावे लागेल.

एकोंचे प्रतिपादन येथे अपुरे पडते. तुकडे सुटे करता येणे ही कल्ट होण्याची अट असेल. परंतु सुटा झालेला तुकडा ठेवायला भाषेत जागाही असावी लागते. दूरचित्रवाणीवरील पुनःप्रक्षेपणाने चित्रपट घरोघर नेला, हे खरे. मुंबई दूरदर्शन केंद्राने आणि १९९९ नंतर आलेल्या खाजगी मराठी वाहिन्यांनी जुने मराठी चित्रपट वारंवार दाखवले. परंतु वारंवार दाखवलेले सगळेच चित्रपट पाठ झाले नाहीत. पुनरावृत्तीने संधी मिळते. ग्रहण करायचे की नाही, ते प्रेक्षक ठरवतो.

४

‘बनवाबनवी’तील संवादांचे यश म्हणजे चुरचुरीत वाक्यांचे यश, असे मानले जाते. बारकाईने पाहिल्यास ती वाक्ये एकटी उभी राहत नाहीत. त्यांच्यामागे बोलींचा उतार-चढाव आहे. सुधीर जोशी यांनी उभा केलेला घरमालक सरपोतदार आणि अशोक सराफ यांचा धनंजय माने यांच्यातील खटके हे दोन सामाजिक स्वरांचे खटके आहेत. एकाच्या बोलण्यात मालकीचा नेमकेपणा आहे, तर दुसऱ्याच्या बोलण्यात देणेकऱ्याची चपळाई. औषधाच्या निमित्ताने घेतलेल्या सत्तर रुपयांचा प्रसंग आजही लोकांच्या तोंडी आहे. त्यातली गंमत फसवणुकीत नाही. पैसे बुडाले ही गोष्ट शोकवार्तेच्या भाषेत सांगण्यात आहे. भाषेच्या एका व्यवहारातील शब्द दुसऱ्या व्यवहारात नेऊन बसवणे ही लोकनाट्यातील बतावणीची जुनी युक्ती. सबनीसांनी ती भाड्याच्या खोलीत आणली.

दुसरी गोष्ट स्त्रीवेषाची. घर फक्त विवाहित जोडप्यांनाच मिळणार, म्हणून चार तरुणांपैकी दोघे बायकांचे सोंग घेतात. सचिन यांची सुधा आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची पार्वती या दोन सोंगांकडे आपण एकाच विनोदाची दोन रूपे म्हणून पाहतो. माझ्या मते ती दोन वेगळ्या परंपरांची रूपे आहेत. सुधा ही संगीत रंगभूमीची वारस आहे. बालगंधर्वांच्या काळात पुरुषाने साकारलेली स्त्री हा सौंदर्याचा आदर्श होता, आणि सुधेच्या वावरण्यातील नेटकेपणा त्या आदर्शाची दूरची आठवण करून देतो. पार्वती ही तमाशातील गवळणीत येणाऱ्या मावशीच्या कुळातील आहे. तिथे सोंग उघडे असणे हाच सोंगाचा आनंद असतो. एक सोंग लपते, दुसरे सोंग मिरवते. आचार्य अत्रे यांनी ‘चार्लीज आंट’वरून केलेल्या आणि १९८०च्या दशकात विजय चव्हाण यांनी गाजवलेल्या ‘मोरूची मावशी’ने त्याच दशकातील प्रेक्षकाला या सोंगाची पुन्हा सवय लावली होती, हेही विसरता येणार नाही.

या दोन्ही परंपरा एका चौकटीत आल्यामुळे प्रेक्षकाला एक विशिष्ट स्थान मिळते. न. चिं. केळकर यांनी १९२१ साली बडोद्याच्या साहित्य संमेलनात मांडलेल्या ‘सविकल्प समाधी’च्या कल्पनेचा येथे उपयोग होतो. रसिक पात्राच्या भूमिकेत शिरतो आणि त्याच वेळी स्वतःही राहतो, असे केळकरांचे म्हणणे. ‘बनवाबनवी’चा प्रेक्षक घरमालकीण लीलाबाई काळभोर यांच्याबरोबर फसत नाही, तो चार तरुणांच्या कटात सामील असतो. सोंग आपल्याला ठाऊक आहे आणि घरमालकिणीला ठाऊक नाही, या जाणिवेवर सारा विनोद तोललेला आहे. उत्कंठेवर उभा असलेला चित्रपट दुसऱ्या वेळी निम्मा होतो. कटात सामील करून घेणारा चित्रपट मात्र दर वेळी तेवढाच राहतो. कारण गुपित माहीत असणे ही त्याच्या आस्वादाची पूर्वअटच आहे. पारायण शक्य होते ते यामुळे.

५

आता या विनोदाच्या तळाशी असलेल्या प्रश्नाकडे वळू. हा चित्रपट आहे जागेविषयी. सर्व बनवाबनवी चालते ती भाड्याच्या दोन खोल्यांसाठी. मूळ बंगाली बोर्डिंग, हिंदी चित्रपटाच्या शीर्षकातील ‘मकान’ आणि मराठीतील लीलाबाईंचे घर ही स्वातंत्र्योत्तर भारतीय शहराच्या एकाच दुखण्याची तीन नावे आहेत. मुंबई इलाख्यात १९४७ साली झालेल्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि भाडेकरूला संरक्षण मिळाले. त्याचीच दुसरी बाजू अशी, की नव्या भाडेकरूला जागा देण्यास घरमालक कचरू लागला. पागडी, ओळख, जात, विवाहित असणे अशा अलिखित अटी त्यातून बळावल्या. हा कायदा १९९९च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियमाने बदलला. अलिखित अटी मात्र बदलल्या नाहीत. एकट्या तरुणाला, त्याहूनही एकट्या तरुणीला, खोली मिळणे आजही सोपे नाही.

पनवेलमध्ये राहून अध्यापन करणाऱ्याला ही बाजू नजरेआड करता येत नाही. १८५२ साली नगरपालिका मिळालेले हे जुने गाव. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी संपादित होऊ लागल्या. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यातील जासई परिसरात झालेल्या गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. ‘बनवाबनवी’ प्रदर्शित झाला त्याच्या चारच वर्षांनंतर. ज्या दशकात या परिसरातील एका वर्गाची जमीन शहराच्या घरांसाठी जात होती, त्याच दशकात दुसरा वर्ग त्या शहरात खोली शोधत होता. चित्रपट या दुसऱ्या वर्गाचा आहे; पहिल्या वर्गाचा त्यात मागमूसही नाही. चित्रपटावर हा आरोप करावयाचा नाही. त्याच्या जगाची मर्यादा तेवढी नोंदवावयाची आहे. कल्ट चित्रपटाचे जग सामानसुमानासह उभे असते असे एको म्हणतात; त्या जगाच्या कुंपणाबाहेर काय राहिले, हे विचारणे समीक्षेचे काम आहे.

आजही कोकणातून आणि घाटावरून शिक्षणासाठी, नोकरीसाठी आलेली मुले पनवेल-कळंबोलीत चौघे-चौघे मिळून एका खोलीत राहतात. चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्यांपैकी कित्येकांचा जन्मही झालेला नव्हता. तरीही माने यांच्या पत्त्याची चौकशी करणारा तो प्रश्न त्यांना पाठ असतो, आणि खोलीच्या दारावर थाप पडली की तो कोणीतरी उच्चारतोच. ही केवळ नक्कल नव्हे. खोली आपली नाही, कोणी येऊन आपल्याला येथून काढू शकतो, ही धास्ती त्या वाक्यात हसण्याजोगी होऊन येते. पारायणाचे ग्रंथ संकटनिवारणासाठी वाचले जातात, हे येथे सहज आठवावे.

६

मराठी चित्रपटाने लोकभाषेला दोन प्रश्न दिले. एक ‘सामना’तला (१९७५). विजय तेंडुलकर यांनी लिहिलेल्या आणि जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात श्रीराम लागू यांचा मास्तर मारुती कांबळे या माणसाचे काय झाले, असे निळू फुले यांच्या हिंदुरावाला विचारत राहतो. दुसरा ‘बनवाबनवी’तला, माने येथे राहतात का, हा. पहिला प्रश्न बर्लिनच्या महोत्सवात गेलेल्या चित्रपटाचा. त्याला समीक्षेने हात लावला. दुसरा समीक्षेच्या दाराबाहेर उभा राहिला. पण दोन्ही प्रश्नांची जडणघडण सारखीच आहे. दोहोंत एका सामान्य आडनावाच्या माणसाचा ठावठिकाणा विचारलेला आहे. पहिल्यात सत्तेने माणूस नाहीसा केला आहे, तर दुसऱ्यात शहराने त्याला पत्ता नाकारला आहे. वर्तमानपत्राच्या अग्रलेखात पहिला प्रश्न येतो, खोलीच्या दारात दुसरा. दोन्ही प्रश्न मूळ चित्रपटापासून सुटून भाषेचे झाले, कारण ज्या परिस्थितीने ते निर्माण केले ती परिस्थिती संपली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो. पारायणाने कृतीचे सामर्थ्य वाढते, तसे ते बोथटही होते. पाठ झालेल्या वाक्याचा अर्थ कोणी तपासत नाही. ‘बनवाबनवी’तील स्त्री-पात्रे बहुतांशी चौघांच्या जोड्या जुळवण्यापुरती आहेत, स्वतःचा व्यवसाय चालवणारी अश्विनी भावे यांची माधुरी हा ठळक अपवाद. स्त्रीवेषातील पुरुषाला हसताना आपण नेमके कशाला हसतो, पुरुषाच्या अवघडण्याला की बाईपणालाच, हा प्रश्न पारायणाचा प्रेक्षक विचारत नाही. सोंगाची परंपरा दाखवून दिली म्हणजे त्या सोंगातील पूर्वग्रह क्षम्य ठरतात, असेही नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष असा, की अशा कृतींचा अभ्यास अधिक कठोरपणे व्हावा. त्या अभ्यासाबाहेर ठेवाव्यात, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. ज्या वाक्यांनी तीन पिढ्यांच्या बोलण्यात जागा केली, त्यांना तपासण्याचे टाळून साहित्यसंस्कृतीची चिकित्सा पूर्ण कशी होईल?

आपल्याकडे अभिरुचीचा इतिहास लिहिला जातो, तो बहुतेक वेळा निर्मितीचा आणि सन्मानाचा इतिहास असतो. कोणी काय लिहिले आणि कोणाला काय मिळाले, याची नोंद होते. कोणी काय पुनःपुन्हा ऐकले, पाहिले, पाठ केले, याची होत नाही. जत्रांतून तंबूत दाखवलेले चित्रपट, विजयानंदसारख्या एकपडदा चित्रपटगृहातील नेहमीचे प्रेक्षक, रविवारच्या संध्याकाळी एका घरातील दूरचित्रवाणी संचासमोर जमणारी चाळ, यांचे साक्षीदार आता वृद्ध झाले आहेत. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ साली आणि सुधीर जोशी २००५ साली गेले; पटकथालेखक सबनीस त्यापूर्वीच, २००२ साली. अशोक सराफ यांना पुढे २०२३चा महाराष्ट्रभूषण पुरस्कार मिळाला. शासनाच्या गौरवाने या परंपरेतील एक नट अभिजातांच्या दालनात आला. त्याला इतकी वर्षे तोंडपाठ ठेवणारा प्रेक्षक मात्र अद्याप इतिहासात आलेला नाही. त्याची स्मृती नोंदवण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगे आहे. त्यासाठी दुर्मिळ हस्तलिखिते लागत नाहीत. आपल्याच घरातील वडीलधाऱ्यांना, कोणता चित्रपट कितीदा पाहिला, कोणाबरोबर पाहिला आणि त्यातले काय अजून आठवते, एवढे विचारले तरी पुरेसा आरंभ होईल.